सुब्बरावांचा साफ हात

सुब्बरावांच्या हातचं काम लांबूनही ओळखू यायचं. उंदराची महाधमनी म्हणजे काडेपेटीतल्या काडीएवढी जाड नळी. ती काळ्या मेणाच्या बशीत टाचण्यांनी ताणून, भिंगाखाली धरून, तिच्या अंगाला चिकटलेली चरबी बारीक कात्रीनं काढायची, आणि काढताना नळीला कुठे ओरखडा जाऊ द्यायचा नाही. ओरखडा गेला की ती मेली, मग तिच्यावर कितीही औषधं घाला, ती हलत नाही. म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या त्या संशोधन संस्थेत सुब्बरावांनी एकतीस वर्षं हेच केलं. त्यांच्या बशीतली धमनी धुऊन वाळत घातलेल्या दोऱ्यासारखी दिसायची. बंगळूरहून कुणी पाहुणे आले की प्रयोगशाळेचे प्रमुख तिरुमलराव सर त्यांना भिंगापाशी न्यायचे आणि म्हणायचे, चरबीचा एक कण दाखवा बघू. पाहुणे वाकून बघायचे. सुब्बराव मागे हात बांधून उभे राहायचे आणि जमिनीकडे बघायचे, कारण त्या वेळी चेहऱ्यावर जे येई ते कुणाला दिसू नये असं त्यांना वाटे.

काढलेली चरबी ते टिपकागदावर पुसायचे आणि कागद पायाशी असलेल्या डब्यात टाकायचे.

ही सफाई त्यांनी संस्थेत शिकलेली नव्हती. घराणं भावसारांचं, रंगाऱ्यांचं. वडील मालोजीराव हे म्हैसुरात रंगाची भट्टी चालवणाऱ्या शेवटच्या दोघातिघांतले. कोऱ्या कापडाला खळ असते. ती सोड्यात उकळून, दगडावर आपटून, पुन्हा उकळून काढली नाही तर रंग धरत नाही. मालोजीराव धुतलेल्या कापडावर बोटानं पाण्याचा थेंब सोडायचे. थेंब लगेच पसरला तर कापड साफ. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर खळ शिल्लक. सुब्बराव बारा वर्षांचे असताना त्यांनी धुतलेल्या एका ठाणात खळ राहिली, आणि लग्नघरच्या सोळा लुगड्यांवर कोड फुटल्यासारखे डाग उठले. वडील त्यांना काही बोलले नाहीत. ती सोळा लुगडी खांद्यावर घेऊन ते लग्नघरी गेले आणि दारात मान खाली घालून उभे राहिले. सुब्बरावांना शेजारी उभं केलं होतं. मार बसला असता तर ते विसरले असते.

तेव्हापासून अंगाला काही चिकटलेलं असलं की ती वस्तू त्यांना अर्धवट वाटू लागली.

मेघाश्री संस्थेत आली ती त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष असताना. हिनकलच्या रविकिरणची मुलगी; रविकिरण म्हणजे लक्ष्मीदेवीचा, सुब्बरावांच्या बायकोचा, चुलतभाऊ. समाजात पीएच.डी. करणारी ही पहिलीच मुलगी, म्हणून हिंगुळांबिकेच्या देवळात नारळ देऊन तिचा सत्कार केला होता. तिचं मराठी घरापुरतं होतं. अर्ध्या वाक्यात ती कानडीत शिरायची आणि अडलं की इंग्रजीत. सुब्बरावांना ती कानडी रीतीनं सुब्बामामा म्हणायची.

तिचा विषय ऐकून सुब्बराव हसले होते. तिला त्या चरबीवरच काम करायचं होतं, एकतीस वर्षं त्यांनी कागदाला पुसून टाकलेल्या चरबीवर. तिनं त्यांना समजावून सांगितलं. चरबी नळीभोवती नुसती गुंडाळलेली नसते मामा, ती नळीशी बोलते. निरोगी असली तर ती सारखं काहीतरी झिरपवत असते, आणि नळी त्यानं सैल राहते. माणूस लठ्ठ झाला की तीच चरबी फुगते, तिला हवा पुरत नाही, ती आतून सुजते, आणि मग सैल हो म्हणायचं विसरते. नळी आवळते. प्रेशर वाढतं. आजवर सगळ्यांनी नळ्या साफ करूनच तपासल्या, अल्वा, नाही का, म्हणून हे फार उशिरा कळलं.

“म्हणजे आम्ही घासून टाकली ती काय सोनं होतं काय?” सुब्बराव म्हणाले.

“सोनं नाही मामा. बोलणारं माणूस होतं,” ती म्हणाली आणि हसली. “तुम्ही काय केलंत, त्याला बाहेर काढून मग घरच्यांना विचारलंत.”

सुब्बरावही हसले, पण ते वाक्य त्यांना खुपलं. एवढ्याशा पोरीनं खुपवलं म्हणून जास्त.

कामाची रीत ठरली. निम्मे उंदीर साध्या खाण्यावर, निम्मे वनस्पती तुपात कालवलेल्या खाण्यावर, सोळा आठवडे. मग प्रत्येकाची महाधमनी काढायची. अर्ध्या भागावरची चरबी साफ करायची, अर्ध्या भागावरची जशीच्या तशी ठेवायची. दोन्हींच्या तीन-तीन मिलिमीटरच्या कड्या कापून त्या कोमट पाण्याच्या नळकांड्यात तारेच्या आकड्यांवर टांगायच्या, नळी आवळणारं औषध घालायचं, आणि ती किती ओढते ते पडद्यावरच्या रेषेत बघायचं. साध्या खाण्यावरच्या उंदराची चरबीवाली कडी कमी ओढली पाहिजे, कारण चरबी तिला सैल ठेवते. लठ्ठ उंदरात तो फरक मिटला पाहिजे. एवढ्या एका फरकावर तिचा प्रबंध उभा होता. नळकांडी शेजारच्या खोलीत होती. मेघाश्री तिथं बसायची. कापणं सुब्बरावांकडे.

पहिल्या दिवशी त्यांनी पहिला उंदीर उघडला, धमनी बशीत घेतली, अर्धी साफ केली. उरलेल्या अर्ध्या भागाकडे ते बघत राहिले. तांबूस, ढिली, कुठे जाड कुठे पातळ. कडेला दोन-तीन झिरमिळ्या लोंबत होत्या. कसायाच्या फळीवर पडलेल्या तुकड्यासारखं काहीतरी. हे आपल्या बशीतून जाणार, प्रबंधात रेषांशेजारी फोटोत छापलं जाणार, खाली आभारात आपलं नाव. त्यांनी लोंबणारी झिरमिळी काढली. मग दुसऱ्या बाजूची, नाहीतर एका अंगानं बोडकं दिसलं असतं. मग सगळीकडून सारखं करत करत एक पातळ, एकसारखा थर ठेवला. चरबी ठेवा म्हणाली होती, ठेवली. आता ते बघण्यासारखं दिसत होतं.

मेघाश्री कड्या न्यायला आली, भिंगात वाकली. तिनं आजवर फक्त पुस्तकातली चित्रं पाहिली होती.

“मामा, एवढीच असते का?”

“एवढीच असते,” सुब्बराव म्हणाले.

हे दोन शब्द त्यांनी विचार करून उच्चारले नव्हते. तोंडातून निघाले ते. पण निघाल्यावर परत घ्यायला ती अख्खी सकाळ मोकळी होती, आणि ते भिंगावरून हात फिरवत बसले. दुसऱ्या उंदराला तसंच करावं लागलं, कारण पहिला तसा केला होता. असे चोवीस उंदीर झाले.

पडद्यावर फरक आला नाही. साफ केलेली कडी आणि चरबीवाली कडी, दोघींच्या रेषा हातात हात घालून चढायच्या. साध्या उंदरातही, लठ्ठ उंदरातही. मेघाश्री महिनाभर आकडे मांडत राहिली. तिनं औषध बदललं, पाण्याचं तापमान तीनतीनदा तपासलं, आकड्यांच्या तारा नव्या आणल्या. सुब्बराव दारातून बघायचे. त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बोलणाऱ्या माणसाचं तोंड त्यांनी चोवीस वेळा दाबलं होतं.

मग तिरुमलराव सरांनी सगळ्यांना बोलावून तिचा आढावा घेतला. सर कठोर नव्हते, पण शिष्यवृत्तीचे चार महिने उरले होते आणि हाती काही नव्हतं. कुठे चुकलं ते एकेक करून बघू, म्हणाले. मापन, औषध, खाणं. शेवटी त्यांनी विचारलं, कापण्यात काही?

मेघाश्री लगेच म्हणाली, “नाही सर. ते सुब्बामामांनी केलंय.”

सरांनी मान डोलावली आणि कापण्यावर फुली मारली. सुब्बराव भिंतीशी उभे होते. त्यांना तोंड उघडायचं होतं. त्यांनी फळ्यावरची ती फुली बघितली आणि त्यांना विचित्र असं समाधान वाटलं, आपल्यावर कुणी शंका घेत नाही याचं. त्या समाधानाची आठवण पुढे त्यांना सगळ्यात जास्त जाळायची. लबाडी एक वेळ समजते. त्या क्षणी बरं वाटलं, हे कुठे ठेवायचं?

सरांनी ठरवलं की जे आलं तेच लिहावं. फरक नाही, असंच लिहावं. परीक्षक काय म्हणतील ते म्हणोत.

घरी लक्ष्मीदेवी रोज सकाळी प्रेशरची गोळी घ्यायची. देवळातल्या हळदीकुंकवाला मेघाश्रीनं तिला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे ती गोळी हातावर घेऊन म्हणायची, आमची हुडगी, आपली पोर, माझ्यासाठी काहीतरी शोधून काढते की नाही बघा. सुब्बराव चहा पीत राहायचे. एकदा ती म्हणाली, काय हो, पोरीचं तोंड उतरलेलं दिसलं देवळात, तुम्ही काही मदत करत नाही काय? सुब्बराव म्हणाले, करतो की. बशी तोंडाला लावलेली होती, त्यामुळे आवाज बशीत घुमला.

निवृत्तीचा समारंभ शनिवारी सकाळी होता. डोक्यावर जरीचा म्हैसूर पेटा, गळ्यात चंदनाच्या सालींची माळ, मांडीवर फळांची करंडी. लक्ष्मीदेवी पहिल्या रांगेत बसली होती. तिरुमलराव सर कानडीत बोलले आणि छान बोलले. आम्ही दोघेही आपापल्या घरी मराठी बोलतो आणि एकतीस वर्षं इथे कानडीत भांडलो, म्हणाले, लोक हसले. मग ते म्हणाले की, विज्ञानात कल्पना खूप जणांकडे असतात, विश्वास ठेवावा असा हात एखाद्याकडेच असतो. ह्या माणसानं बशीत जे ठेवलं त्याकडे आम्ही कुणी दुसऱ्यांदा बघितलं नाही.

मेघाश्री उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. पेटा थोडा घट्ट होता. कपाळाला रेघ पडत होती. सुब्बरावांना वाटलं, आपण लग्नघराच्या दारात उभे आहोत आणि आतले लोक डाग न बघता लुगडी घडी करून पेटीत ठेवतायत.

जेवणं झाली. लक्ष्मीदेवीला त्यांनी रिक्षात बसवून दिलं. खोलीतलं सामान आवरून येतो म्हणाले. मेघाश्री नळकांड्यांच्या खोलीत प्रबंधाचा मजकूर टाइप करत बसली होती. ते दारात उभे राहिले.

“मेघा, ती चरबी मी छाटली.”

तिनं मान वर केली. “कुठली मामा?”

“ठेवा म्हणालीस ती. सगळी नाही ठेवली. कडेकडेनं काढली. पातळ ठेवली.”

“कधी?”

“पहिल्यापासून.”

“सगळ्यांची?”

“चोवीसच्या चोवीस.”

ती पडद्याकडे वळली, जणू तिथे कुणी हे खोटं आहे म्हणून सांगणार होतं. मग म्हणाली, “मी विचारलेलं तुम्हाला.”

“विचारलेलंस.”

“एवढीच असते म्हणालात.”

 डोक्यावर अजून पेटा आहे हे सुब्बरावांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी तो काढला. ठेवायला टेबलावर जागा होती, पण तिच्या वह्यांशेजारी तो ठेववेना. हातातच धरून राहिले.

“याके मामा?” ती कानडीत म्हणाली, आणि मग पुन्हा, “का?”

ह्या प्रश्नासाठी त्यांनी आठवडाभर उत्तरं जमवली होती. वय झालं. नजर कमी झाली. हाताची सवय. यातलं प्रत्येक थोडं खरं होतं आणि तिनं ते मान्यही केलं असतं.

“बरं दिसत नव्हतं,” ते म्हणाले.

मेघाश्रीनं ते शब्द हळूच स्वतःशी म्हणून पाहिले. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. तिनं खणातून कामाची जाड वही काढली, चोवीस उंदरांच्या तारखा लिहिलेलं पान उघडलं आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. लिहून द्या, म्हणाली. सुब्बरावांना मराठी लिहिता येत नव्हतं; घरात कुणालाच येत नव्हतं. इंग्रजीत हे कसं म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कानडीत लिहिलं की, वरील सर्व नळ्यांवरची चरबी मी, न सांगता, छाटली आहे, आणि विचारल्यावर खोटं सांगितलं आहे. खाली सही केली. सहीनंतर तारीख घालताना त्यांना कळलं की ही त्यांच्या नोकरीतली शेवटची नोंद.

तिनं वही तशीच तिरुमलराव सरांकडे नेली. सरांनी पान दोनदा वाचलं. सुब्बरावांकडे बघणं त्यांनी टाळलं, जसं एखाद्या घरच्या माणसाचं धोतर सुटलेलं असताना आपण टाळतो. साध्या खाण्यावरचे राखीव उंदीर किती आहेत, एवढंच विचारलं. चार, मेघाश्री म्हणाली. सोमवारी करा, सर म्हणाले. सुब्बरावांनी विचारलं, मी येऊ काय? सरांनी मेघाश्रीकडे पाहिलं. ती म्हणाली, “या.”

सोमवारी फाटकावर रखवालदार मंजुनाथनं सलाम केला आणि मग चाचरला, कारण आता त्यांचं नाव पाहुण्यांच्या वहीत लिहायला हवं होतं. कामाचा रकाना भरायचा होता. काय लिहू सर, त्यानं विचारलं. राहिलेलं काम, सुब्बराव म्हणाले.

मेघाश्री ह्या वेळी शेजारच्या खोलीत गेली नाही. त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली. एकतीस वर्षांत त्यांच्या मागे असं कुणी उभं राहिलं नव्हतं. त्यांनी धमनी काढली, अर्धी साफ केली, उरलेल्या भागापाशी कात्री उचलली आणि ठेवून दिली. तिकडे बघवत नसतानाही नीट बघितलं. मग चरबीसकट कड्या कापल्या. फुगीर, वेड्यावाकड्या.

“एवढी असते,” ती मागून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त कठीण गेलं.

कड्या टांगल्या. तासभर त्या पाण्यात स्थिरावू दिल्या. मग तिनं औषध घातलं. साफ कडीची रेषा चढली, नेहमीसारखी, ताठ. चरबीवाल्या कडीची रेषा थोडी चढली, अडखळली, आणि तिथेच आडवी झाली, निम्म्यावर. मेघाश्रीनं दोन्ही हात तोंडावर धरले. सुब्बरावांनी रेषांमधलं ते अंतर पाहिलं. पोरीचं म्हणणं खरं होतं, आणि जेवढं ते खरं होतं तेवढा त्यांचा गुन्हा मोठा होता. दोन्ही एकाच पट्टीनं मोजता येत होते. लक्ष्मीदेवीला आज काय सांगायचं? आनंदाची बातमी सांगायची तर पूर्ण सांगावी लागेल.

दुसऱ्या उंदरात तेच आलं. तिसऱ्यातही. तीन उंदरांवर प्रबंध होत नाही. पुन्हा परवानगी, पुन्हा सोळा आठवडे, मुदतवाढीचा अर्ज. ती हे सगळं मोजून मापून, कोरड्या आवाजात बोलत होती. ते मधेच म्हणाले की, खाणं कालवायला मी रोज येईन, फाटकावर नाव लिहून येईन. 

“या मामा,” ती म्हणाली. “पण कापायचं मी शिकते. आजपासूनच. चौथा मी घेते, तुम्ही बसा.”

सुब्बराव आपल्या स्टुलावरून उठले. ती तिथं बसली, ते शेजारच्या खुर्चीवर. तिनं कात्री धरली ती चुकीची, अंगठा फार आत. त्यांनी सांगितलं, तिनं बदललं. धमनी निघाली, पण ओबडधोबड. साफ करायच्या भागावर दोन कण राहिले. चरबीवाल्या भागाच्या कडेला एक लांब झिरमिळी लोंबत होती, श्वासानं हलावी इतकी हलकी. एक बारीक छाट आणि ती निघाली असती. सुब्बरावांचा उजवा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला.

मेघाश्रीनं भिंगातून डोळे न काढता विचारलं, “मामा, ठीक आहे काय हे?”

“वरचे दोन कण काढ,” ते म्हणाले. “खालचं असू दे.”

मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून ते बघत राहिले.